प्राध्यापक-कार्यकर्त्याचा फोटोसंग्रह: पेटीपासून अभिलेखागारापर्यंत

अध्यापन आणि चळवळ एकाच आयुष्यात सोबत चालवणारी माणसे नागपुरात पुष्कळ झाली. सकाळी महाविद्यालयात तास, दुपारी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक आणि संध्याकाळी इंदोऱ्यात किंवा गड्डीगोदाममध्ये सभा, असा ज्यांचा दिवस असे, त्यांच्या पश्चात घरात पुस्तकांबरोबर हमखास राहते ती फोटोंची पेटी. तिच्यात निरोप समारंभ असतात, शैक्षणिक सहली असतात, मोर्चे, धरणी, शिबिरे, सत्कार असतात आणि वस्तीतल्या एखाद्या बालवाडीचे उद्घाटनही असते. या सगळ्यांत घरचे लग्न आणि नातवंडाचे बारसे मिसळलेले असते. असा संग्रह कुटुंबाच्या दृष्टीने आठवण असला, तरी शहराच्या दृष्टीने तो दस्तऐवज आहे, कारण ज्या सभेची बातमी वर्तमानपत्राने दोन ओळींत उरकली किंवा छापलीच नाही, तिला कोण कोण बसले होते हे बहुधा फक्त याच पेटीत सापडते.

पेटी हाती आली की बहुतेक घरांत पहिला विचार स्कॅनिंगचा येतो. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही करता येते. फोटोतल्या माणसांना ओळखणारे ऐंशीच्या घरातले लोक पुढच्या वर्षी असतीलच असे नाही, आणि एकदा विस्कटलेला क्रम पुन्हा लागत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात आधी क्रम, मग नावे व नोंदी आणि त्यानंतर स्कॅनिंग अशी मांडणी केली आहे.

पेटी आहे तशी नोंदवावी

पेटी, अल्बम आणि पाकिटे ज्या खोलीत व ज्या कपाटात सापडली, तिथेच त्यांचे मोबाइलने फोटो काढावेत. कोणत्या कप्प्यात काय होते, कोणत्या पाकिटावर काय लिहिले होते, कोणता गठ्ठा कशाने बांधला होता, हे सर्व एका वहीत उतरवावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु संग्रहाचा मूळ क्रम ही स्वतःच एक माहिती असते. समजा, एका खाकी पाकिटात वीस फोटो आहेत. त्यांपैकी एकाच फोटोच्या मागे ‘कामठी शिबिर, १९८३’ असे लिहिले आहे आणि उरलेल्यांवर काहीच नाही. तेवढ्या एका ओळीमुळे उरलेल्या एकोणीस फोटोंच्या ठिकाणाचा व काळाचा अंदाज बांधता येतो. हेच फोटो कोणी हौसेने ‘सभा’, ‘घरचे’, ‘सरांचे एकट्याचे’ अशा ढिगांत वाटले, की तो अंदाज कायमचा गेला.

संग्रहात फोटोंसोबत पत्रके, निमंत्रणपत्रिका, कात्रणे, बिल्ले आणि स्टुडिओची बिले सापडतात. ती ‘कागद’ म्हणून वेगळ्या गठ्ठ्यात टाकू नयेत. कात्रण फोटोला लागून ठेवल्यास त्याच्या आम्लयुक्त कागदाने फोटोवर पिवळसर डाग पडतो, त्यामुळे ते वेगळ्या पाकिटात ठेवावेच लागते. मात्र दोन्ही पाकिटांवर एकमेकांचा क्रमांक टाकावा.

घरातल्या मंडळींनी आपापल्या आवडीचे फोटो आधीच काढून नेले असतील, तर भांडण न करता ते महिनाभरासाठी परत मागावेत, नोंद व स्कॅन करून ज्याचे त्याला द्यावेत आणि नोंदीत ‘मूळ प्रत कुटुंबाकडे’ असे लिहावे.

हाताळणी, आणि काय करू नये

स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात किंवा नायट्रिलचे हातमोजे पुरेसे आहेत. निगेटिव्ह हाताळताना मात्र हातमोजे घालावेतच, कारण बोटाचा तेलकट ठसा फिल्मवर कायमचा उमटतो. फोटो नेहमी कडेला धरावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटकावी. ओले फडके, कॉलिन, थिनर यांतले काहीही फोटोच्या पृष्ठभागाला लावू नये.

रबरबँड आधी काढावेत. त्यांतल्या गंधकाने चांदीच्या, म्हणजे कृष्णधवल, फोटोवर डाग पडतात आणि उन्हाळ्यात ते वितळून कागदाला चिकटतात. टाचण्या व स्टेपलच्या पिना मागून हळूच उघडून काढाव्यात. सेलोटेप मात्र ओढू नये. तिचा चिकट थर कागदाच्या तंतूंत उतरलेला असतो आणि ओढताना प्रतिमेचा पापुद्रा सोबत येतो.

१९८० च्या दशकात घरोघर आलेले चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले अल्बम हा सर्वांत अवघड प्रकार आहे. त्या पानांचा डिंक आणि प्लॅस्टिक दोन्ही फोटोला घातक असतात. आधी प्रत्येक पान जसेच्या तसे स्कॅन करावे किंवा त्याचा फोटो घ्यावा. त्यानंतर प्लॅस्टिक सावकाश उचलून, दातांसाठी मिळणारा बिनमेणाचा पातळ धागा फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवावा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्यावा. फोटो वाकू लागला की तिथेच थांबावे. जो निघत नाही तो पानासकट ठेवावा. पान कापून ठेवले तरी चालते, फोटो फाटलेला चालत नाही.

काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो काचेसकटच स्कॅन करावा. गुंडाळी झालेला फोटो मे महिन्यात सपाट करायला जाऊ नये. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फोटोवरील जिलेटिनचा थर आकसून ठिसूळ झालेला असतो आणि जोर लावताच त्याला आडव्या भेगा पडतात. हे काम पावसाळा ओसरल्यावर, हवेत माफक ओलावा असताना, दोन स्वच्छ टीपकागदांमध्ये वजनाखाली ठेवून करावे.

लॅमिनेशनविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. संस्थांच्या भिंतींवर लावण्यासाठी कौतुकाने लॅमिनेट केलेले मूळ फोटो मी इतके पाहिले आहेत की स्पष्ट लिहितो: लॅमिनेशन उलटवता येत नाही. भिंतीवर नेहमी नवी प्रत लावावी.

भिजलेले फोटो

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतून किती अल्बम गेले याची मोजदाद कोणी केलेली नाही. अशा प्रसंगी पहिले दोन दिवस निर्णायक असतात. ओले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नयेत. जिलेटिन वाळताना ते एकजीव होतात आणि मग तज्ज्ञालाही ते सोडवणे कठीण जाते. चिखल लागलेले साधे छायाचित्र थंड, स्वच्छ पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये हलवून, प्रतिमेच्या बाजूला बोट न लावता धुवावे आणि प्रतिमा वर करून टीपकागदावर पंख्याच्या सौम्य वाऱ्यात वाळवावे. उन्हात वाळवू नये. फोटो अनेक असतील आणि हात कमी, तर मधे मेणकागद घालून, पिशवीत बंद करून ते फ्रीझरमध्ये ठेवावेत. त्यामुळे बुरशी थांबते आणि सवड मिळते. इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नयेत, त्यांची शाई सुटते.

निगेटिव्ह फेकू नयेत

फोटो आहेत तर निगेटिव्ह कशाला, असे म्हणून निगेटिव्हची पाकिटे रद्दीत जातात. वस्तुतः ३६ चित्रांच्या रोलमधून कार्यकर्त्याने चार-पाचच छापून घेतलेली असत, कारण प्रत्येक प्रतीला पैसे पडत. उरलेल्या चित्रांत व्यासपीठाऐवजी श्रोते असतात, स्वयंपाक करणाऱ्या बाया असतात, ट्रकमधून उतरणारे लोक असतात. चळवळीचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

निगेटिव्हचे आकार पाहून कॅमेऱ्याचाही अंदाज येतो. सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्ह बहुधा १२० च्या रोलचे असते. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत असलेला आग्फा क्लिक थ्री याच जातीचा, एका रोलवर बारा चित्रे देणारा. २४ बाय ३६ मिलिमीटरचे निगेटिव्ह म्हणजे ३५ मिलिमीटरचा रोल. अगदी नखाएवढे, १३ बाय १७ मिलिमीटरचे असेल, तर तो ११० चा रोल होय.

पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे. ही प्रक्रिया थांबत नाही, उलट सुटणाऱ्या वाफेने शेजारच्या निगेटिव्हनाही लागण होते. असे रोल लगेच वेगळे काढावेत आणि संपूर्ण संग्रहात त्यांचे स्कॅनिंग सर्वांत आधी करावे. मी वर सांगितलेल्या क्रमाला हा एक अपवाद आहे. १९५० च्या सुमारापर्यंतच्या फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द दिसत नसेल, तर ती ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म असण्याची शक्यता धरून ती घरात साठवू नये व जाणकाराला दाखवावी.

क्रमांक आणि नोंद

संग्रह, मालिका, पाकीट आणि फोटो अशा चार पायऱ्यांचा क्रमांक पुरतो. मालिका मूळ क्रमातून निघाव्यात: महाविद्यालय, विद्यापीठ, संघटना, शिबिरे, कुटुंब. क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह टाळावा. ‘मोर्चा-८१-विधानभवन’ असा क्रमांक दिला आणि पुढे तो मोर्चा १९८२ चा निघाला, की सगळेच बदलावे लागते. साधा चढता आकडा उत्तम.

क्रमांक फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने, फोटो स्वच्छ काचेवर पालथा ठेवून हलक्या हाताने लिहावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नंतरच्या काळातल्या फोटोंची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक फक्त पाकिटावर घालावा.

नोंदीत चार गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत: फोटोत प्रत्यक्ष दिसते ते, फोटोच्या मागे लिहिलेले, कोणीतरी सांगितलेले आणि आपण ताडलेले. नमुन्यादाखल एक नोंद अशी होईल:

‘मंडपातील सभा. ध्वनिवर्धकासमोर नऊवारी नेसलेली, चष्मा लावलेली महिला बोलत आहे. मागे टेबलाशी तीन पुरुष. उजवीकडच्या माणसाच्या हातात वही. कापडी फलकाचा डावा भाग वाचता येतो: “...हक्क परिषद”. पाठीवर निळ्या शाईत: “ताई बोलताना. पाचपावली.” स्टुडिओचा शिक्का, पिनकोडसह. ताईंचे पूर्ण नाव व सभेचा विषय एका माजी विद्यार्थिनीने सांगितला, ध्वनिमुद्रण क्र. ७. काळ: [१९७२ नंतर].’

चौकोनी कंसातला मजकूर आपला अंदाज आहे, हे सुरुवातीलाच एकदा लिहून ठेवावे. पाठीवरचे मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत. शुद्धलेखन सुधारू नये. त्यात आज अपमानकारक ठरणारा जातिवाचक उल्लेख असेल, तर तो अवतरणचिन्हांत राहू द्यावा आणि आपल्या वर्णनात वापरू नये.

संगणकावर नोंदी युनिकोड मराठीतच कराव्यात. श्री-लिपी, कृतीदेव किंवा शिवाजी या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या याद्या नव्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात, हे नागपुरातल्या कोणत्याही जुन्या संस्थेच्या कार्यालयात पाहायला मिळते. फाइलचे नाव मात्र रोमन अक्षरे व आकडे यांतच, मधे जागा न सोडता द्यावे.

काळ कसा ठरवावा

बहुसंख्य फोटोंवर तारीख नसते. ती शोधण्याचे काम या सर्व उद्योगातला सर्वांत रंजक भाग आहे, आणि घाईने चुकीची तारीख चिकटवण्याचा धोकाही इथेच जास्त आहे.

स्टुडिओच्या शिक्क्यापासून सुरुवात करावी. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणून शिक्क्यात ‘४४०’ ने सुरू होणारा सहा अंकी आकडा असेल, तर फोटो त्याआधी छापलेला नाही. फोटो छापण्याचे वर्ष आणि काढण्याचे वर्ष वेगळे असू शकते, हे मात्र लक्षात ठेवावे. जुन्या निगेटिव्हवरून गौरवग्रंथासाठी नव्याने प्रती काढण्याची प्रथा सर्रास होती.

रस्त्यावरच्या फोटोत वाहने पाहावीत. ‘एमएच ३१’ ही नागपूरची पाटी १९८९ च्या नव्या पद्धतीनंतरची. त्याआधीच्या पाट्यांवर तीन अक्षरे आणि आकडे असत. सीताबर्डीवरचा आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल चौकटीत दिसत असेल, तर फोटो २३ नोव्हेंबर १९९४ च्या त्या दुर्घटनेनंतरचा, जिच्यात विधान भवनाकडे निघालेल्या मोर्चातील ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले.

दीक्षाभूमीवरचे फोटो प्रत्येक संग्रहात असतात. स्तूपाचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू होऊन बरीच वर्षे चालले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे मागे मोकळे मैदान आहे, अर्धवट घुमट आहे की पूर्ण स्तूप आहे, यावरून ढोबळ काळ ठरतो. इथे एक सापळा आहे. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती आणि त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली; परंतु दीक्षाभूमीवरचा मुख्य वार्षिक सोहळा विजयादशमीच्या तिथीला होतो आणि ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन, १९७४’ एवढेच पाठीवर असेल, तर १४ ऑक्टोबर अशी नोंद डोळे झाकून करू नये, त्या वर्षीचे पंचांग उघडावे.

विद्यापीठाच्या फोटोंत फलक वाचावेत. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये मिळाले. फलकावर ते नाव असेल, तर फोटो त्यानंतरचा. नामांतर चळवळीचे फोटोही येतील. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, दीक्षाभूमीवरून लाँग मार्च ११ नोव्हेंबर १९७९ रोजी निघाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. ‘नामांतर झालेच पाहिजे’ असा फलक या साडेपंधरा वर्षांतला कोणताही असू शकतो, म्हणून प्रत्येक तशा फोटोवर ‘लाँग मार्च’ लिहिण्याचा उत्साह आवरावा.

ऋतूही बोलतो. स्वेटर, मफलर, कानटोप्या आणि मागे पोलिसांचे कडे दिसत असेल, तर तो बहुधा हिवाळी अधिवेशनावरचा मोर्चा, म्हणजे नोव्हेंबर अथवा डिसेंबर, आणि वर्ष १९६० किंवा त्यानंतरचे. संशय उरला की जुन्या वाचनालयांतल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली चाळाव्यात. ‘हितवाद’ १९११ पासूनचा, तर ‘लोकमत’चे नागपुरातले दैनिक १९७१ पासूनचे, शोध कोणत्या फाइलीत घ्यायचा हे त्यावरून ठरवता येते.

नावे मिळवण्याची बैठक

व्यासपीठावरची माणसे ओळखणे सोपे असते. मंडपातल्या, पंगतीतल्या, मोर्चाच्या चौथ्या रांगेतल्या माणसांची नावे मिळवण्यासाठी वस्तीत जावे लागते. सरांचे माजी विद्यार्थी, संघटनेतल्या जुन्या कार्यकर्त्या, मोर्चाला ट्रक देणारे, मंडपवाले, स्टुडिओवाले या सर्वांची यादी आधी करावी.

बैठकीला मूळ फोटो नेऊ नयेत. मोबाइलने फोटो काढून केलेल्या ए-फोर आकाराच्या मोठ्या छापील प्रती न्याव्यात, कारण वयस्कर माणसांना मोबाइलच्या पडद्यावर चेहरे ओळखू येत नाहीत आणि बोटाने मोठे करताना फोटो निसटतो. समूहचित्राच्या प्रतीवर प्रत्येक डोक्याशी आकडा घालून ठेवावा. ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरा’ या वर्णनाचा घोळ होतो, कारण कोणाची डावी बाजू हे प्रत्येकजण वेगळे धरतो.

‘हा कोण?’ या प्रश्नाने सुरुवात केली की समोरच्याला परीक्षेला बसल्यासारखे वाटते आणि नाव आठवले नाही की तो गप्प होतो. ‘मावशी, इथे काय चाललं होतं?’ असे विचारावे. जेवण कोणी रांधले, गाडी कुठून आली, पाऊस होता का, हे सांगता सांगता नावे आपोआप निघतात. बायकांची नावे विचारताना माहेरचे, सासरचे आणि हाकेचे अशी तिन्ही लिहून घ्यावीत. एका फोटोत ‘शेवंता’ आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकात ‘सौ. शे. रा.’ असलेली व्यक्ती एकच आहे, हे अन्यथा कधीच कळत नाही. पुरुषांच्या नावापुढे वस्ती किंवा मूळ गाव लिहावे. एकाच आडनावाची माणसे एका संघटनेत डझनाने असतात.

संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि मुद्रणाचा क्रमांक नोंदीत टाकावा. दोघांनी दोन वेगळी नावे सांगितली, तर दोन्ही ठेवावीत व कोणी काय सांगितले हे लिहावे. निवाडा करण्याची घाई नसते. बैठकीत सहभागी झालेल्यांना त्यांच्या माणसाच्या फोटोची एक छापील प्रत द्यावी. हा उपकार नव्हे. त्यांनी दिलेल्या माहितीशिवाय तुमची नोंद पोकळ आहे.

स्कॅनिंग

आता स्कॅनर काढावा. सपाट काचेचा स्कॅनर वापरावा. कागद आत ओढून घेणारे यंत्र फोटोला ओरखडे पाडते. सहा बाय चार इंचाची प्रत ६०० पीपीआयवर (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केली, की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात आणि २४ बिट रंगात, न दाबलेल्या टिफ फाइलचा आकार सुमारे २६ एमबी होतो. हजार फोटोंना २६ जीबी, पाठीसकट ५२. हे आजच्या हार्ड डिस्कला काहीच नाही, तेव्हा जागा वाचवण्यासाठी दर्जा उतरवू नये. सहा सेंटिमीटरच्या छोट्या प्रती १२०० वर आणि ३५ मिलिमीटरचे निगेटिव्ह ३००० ते ४००० वर स्कॅन करावे.

कृष्णधवल फोटोही रंगीत सेटिंगवरच घ्यावा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा, शाईचा रंग आणि डाग यांची नोंद राहते. आपोआप उजळपणा वाढवणारी, ओरखडे पुसणारी सर्व बटणे बंद ठेवावीत. पांढरी किनार कापू नये. पाठीवर अक्षर, शिक्का किंवा कागद कंपनीची छाप असेल, तर पाठही स्कॅन करावी. रंगीत फोटोंना प्राधान्य द्यावे, कारण १९७० व ८० च्या दशकांतल्या रंगीत प्रतींतले रंग अंधारातही उडत राहतात आणि फोटो लालसर होत जातो. कृष्णधवल प्रती तुलनेने टिकाऊ असतात.

टिफ ही मूळ फाइल. तिला पुन्हा हात लावू नये. दाखवण्यासाठी, पाठवण्यासाठी जेपीजी प्रत वेगळी करावी आणि दुरुस्ती करायची ती तिच्यावर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते व तिच्यातली माहिती गळते, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ‘स्पष्ट’ करून देणारी किंवा रंग भरणारी ॲप्स या कामात वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ती अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी पटेल असा नवा चेहरा रचतात आणि मोर्चातल्या खऱ्या बाईच्या जागी कधीच अस्तित्वात नसलेली बाई उभी राहते.

डिजिटल प्रती तीन असाव्यात: दोन वेगवेगळ्या उपकरणांवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे अथवा क्लाउडवर. वर्षातून एकदा डिस्क उघडून फाइली तपासाव्यात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा) काढून ठेवला असेल, तर एखादी फाइल नकळत बिघडल्याचे त्यावरून लगेच कळते.

नागपूरच्या हवेत साठवण

इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी होते, तर पावसाळ्यात तीच हवा दमट असते. फोटोला ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होणारे हेलकावे त्याला सर्वाधिक बाधतात. आपल्या घरांत यात भर घालतो तो कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला सुखाची, पण त्याच झोतात कपाट असेल, तर फोटोंना मे महिन्यातच पावसाळा लागतो. संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नये. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली तापते आणि तळमजल्याला पाण्याची भीती असते. मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली जागा उत्तम. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर असावा.

लाकडी कपाटापेक्षा रंग पूर्ण वाळलेले लोखंडी कपाट बरे. फोटो आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रोपिलीन, पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवावेत. वास येणारे मऊ पीव्हीसी कटाक्षाने टाळावे. डांबराच्या गोळ्यांची वाफ फोटोला चांगली नाही आणि कडुनिंबाचा पाला ओल व किडे घेऊन येतो. कसर जिलेटिनही खाते, तिच्यावर उपाय म्हणजे स्वच्छ, कोरडी जागा आणि दोन महिन्यांतून एकदा डोळ्यांनी केलेली पाहणी. बंद डब्यात सिलिका जेल ठेवले, तर त्याचा रंग बदलताच ते बदलावे. विसरलेले जेल निरुपयोगी असते.

हक्क आणि संकोच

फोटो सरांच्या पेटीत सापडला म्हणून त्याचा कॉपीराइट सरांचा किंवा वारसांचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, पैसे देऊन तो काढवून घेणारा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत लागू आहे. त्याआधी ती प्रकाशनापासून मोजली जात असे, म्हणून फार जुन्या फोटोंबाबत वकिलाचे मत घ्यावे. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने भेट दिलेल्या प्रतींची नोंद वेगळी ठेवावी.

कायद्यापलीकडचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबांना भेट देताना काढलेले फोटो, वसतिगृहातल्या मुलींचे फोटो, भूमिगत असताना आसऱ्याला आलेल्या कार्यकर्त्याचे फोटो अशा संग्रहात असतात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. असे फोटो बंद पाकिटात, ‘मर्यादित प्रवेश’ अशा शेऱ्यासह वेगळे ठेवावेत आणि इंटरनेटवर कधीही टाकू नयेत. बाकीच्या बाबतीत फोटोतल्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना विचारणे हाच मार्ग. कोणी ‘आमचा फोटो दाखवू नका’ म्हटले, तर कारण न विचारता ऐकावे.

कोणाच्या स्वाधीन करावा

घरात एक पिढी सांभाळते, दुसरी जागा नाही म्हणते. म्हणून संग्रह संस्थेकडे देण्याचा विचार वेळेत करावा. विद्यापीठाचे किंवा ज्या महाविद्यालयात सरांनी शिकवले त्याचे ग्रंथालय, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर येथील कार्यालय, चळवळीतल्या संस्थांनी चालवलेली वाचनालये असे पर्याय आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन खोली पाहावी: फोटो कुठे ठेवले जातील, यादी कोण करणार, अभ्यासकाला ते कसे दाखवले जातील. नाव मोठे असून पेटी जिन्याखाली पडणार असेल, तर लहान पण तत्पर संस्था बरी.

तोंडी शब्दावर काही देऊ नये. दानपत्रात संग्रहाची यादी जोडलेली असावी आणि पुढील मुद्दे लिहिलेले असावेत: संग्रह फोडून वाटला जाणार नाही, मर्यादित प्रवेशाचे फोटो किती वर्षांनी खुले होतील, छापण्याची परवानगी कोण देईल, डिजिटल प्रतींचा एक संच कुटुंबाकडे व एक वस्तीतल्या संस्थेकडे राहील, आणि संस्थेला पुढे तो सांभाळणे शक्य झाले नाही, तर आधी कुटुंबाला कळवले जाईल. ‘मालकी दिली’ आणि ‘सांभाळायला दिले’ यांत फरक आहे, तो कागदावर स्पष्ट असावा.

पेट्या पोहोचवताना प्रत्येक पेटीवर क्रमांक व आतल्या फोटोंची संख्या लिहावी, संस्थेच्या माणसासमोर यादीशी ताळा करावा आणि सही-शिक्क्याची पोच त्याच दिवशी घ्यावी. नावांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे आणि ती पहिली वहीदेखील त्याच पोचेत नोंदवून द्यावी. संस्था बहुधा फोटोच मागते, वही मागत नाही, म्हणून तिचा उल्लेख यादीत आपणच पहिल्या क्रमांकावर करावा.